जनानी तंबोरा आणि सायकलवरची जर्सी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेलं की किमतीच्या आधी एक प्रश्न येतो: गाणार कोण, बाई की पुरुष? पुरुषांचा सूर साधारण पेटीच्या काळी एकच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. सूर चढा म्हटला की तारेची लांबी कमी धरावी लागते, तार बारीक लागते, भोपळाही त्या बेतानं निवडावा लागतो. मर्दानी तंबोरा बाईच्या सुरात ओढून लावायला गेलं तर तारा तुटतात, नाहीतर सूर लागूनही नाद मोकळा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून वाद्यांचं काम हाती घेतलं. त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही जनानी आणि मर्दानी असे दोन्ही तंबोरे घडवतात. गाणाऱ्या बाईनं मर्दानी तंबोऱ्यावर भागवून घ्यावं, असं या गल्लीत कुणी म्हणत नाही.

याच गावात सायकलवर घालायला अंगाला नीट बसेल आणि शोभेल असा वरचा कपडा बाईनं मागितला, की मात्र भागवून घ्यायचा सल्ला मिळतो. ‘जेंट्समधलाच एक नंबर लहान घ्या.’ ‘सैल टी-शर्ट चालेल की.’ ‘सायकलच चालवायची ना, कोण बघतंय?’ ही मागणी हौसेची आणि किरकोळ समजली जाते. मला ती किरकोळ वाटत नाही. तो कपडा बाईला किती अंतर जाऊ देईल, किती निर्धास्त जाऊ देईल आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा सायकल काढेल की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं. आणि असा कपडा बेतायला लागणारी अक्कल जर्सी विकणाऱ्या कंपन्यांपेक्षा आपल्याकडच्या ब्लाऊज शिवणाऱ्या बायकांकडे जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी सायकलवर कोण आहे ते पाहू. रविवारी सकाळी पंढरपूर रस्त्याला, मालगावकडे, दंडोब्याच्या चढावर, अर्जुनवाडच्या पुलावरून नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या बायका आता दिसतात. त्यात पंचविशीतल्या थोड्या. चाळिशी-पन्नाशीतल्या जास्त. विल्यम वानलेस यांनी १८९०च्या दशकात इथे मिशनचं रुग्णालय उभं केलं, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. त्यामुळे या बायकांत परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आहेत, शिक्षिका आहेत, आणि ‘गुडघे दुखतात तर चालण्याऐवजी सायकल चालवा’ असं डॉक्टरांनी सांगितलेल्या गृहिणी आहेत. सिझेरियनची खूण असलेलं पोट, भरलेले दंड, जड छाती, थायरॉइडनं वाढलेलं वजन, पाळी जाण्याच्या वयातला अचानक फुटणारा घाम, हे सगळं घेऊन त्या निघतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तिच्या तोलाच्या खेळाडूसाठी कपडा कुठूनतरी मिळवता येईल. मी बोलते आहे ती वाडीला जाऊन अकरापर्यंत घरी पोचणाऱ्या बाईबद्दल.

आता दुकानातली जर्सी हातात घेऊन पाहा. गळ्यापासून खालपर्यंत चेन, पाठीला कमरेवर तीन खिसे, खालच्या काठाला आतून चिकट रबरी पट्टी. पुढचा भाग आखूड आणि मागचा लांब, कारण चालवणारा पुढे वाकलेला असतो. बाह्या दंडाला घट्ट, कापड होजिअरीचं, पॉलिएस्टरचं. आराखडा हुशारीचा आहे, आणि तो शर्यतीच्या गरजेतून घडला. पण ती शर्यत पुरुषांची होती. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, तिची पिवळी जर्सी १९१९ साली आली. बायकांची टूर १९८४ साली सुरू झाली, काही वर्षांतच बंद पडली आणि २०२२ साली नव्यानं उभी राहिली. मधल्या सगळ्या काळात जर्सीचा मूळ नमुना सपाट छातीच्या, अरुंद नितंबांच्या, सडपातळ तरुण पुरुषावर पक्का होत गेला. बायकांसाठी म्हणून जे आलं ते त्याच नमुन्याला चार ठिकाणी आत घेऊन आणि रंग बदलून आलं.

ती अंगात घातली की काय होतं? छातीच्या मापानं घेतली तर खांदा दंडावर ओघळतो आणि मुंढा बगलेखाली लोंबतो. खांद्याच्या मापानं घेतली तर छातीवर चेन ताणते आणि दोन्ही बाजूंना आडव्या चुण्या पडतात. खालची रबरी पट्टी नितंबांवर टिकत नाही. रुंद भागावरून निसटून ती अरुंद भागाकडे, म्हणजे कमरेकडे सरकते आणि तिथे रुतते. पट्टीबरोबर खिसेही वर जातात, मग फोन किंवा किल्ली काढायला हात पाठीवर उलटा वळवावा लागतो. पुढे वाकल्यावर चेनची ताठ पट्टी पोटावर कमान करून उभी राहते, आणि नसलेलं पोटही दिसायला लागतं. बाहीचं इलॅस्टिक दंडात वळ उठवतं. बाई मग एका हातानं कपडा खाली ओढत राहते. ऊस हंगामात पंढरपूर रस्त्यावर मागून दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर येत असताना हँडलवर एकच हात असणं किती धोक्याचं आहे, ते त्या रस्त्यानं गेलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. कपडा नीट बसण्याचा प्रश्न सुरक्षेचाही आहे, तो असा.

आता ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंच्या टेबलापाशी या. मिरजेत गल्लोगल्ली त्या आहेत, बऱ्याचजणी घराच्या पुढच्या खोलीत. टेप गळ्यात टाकून त्या मापं घ्यायला लागतात: छाती, छातीखाली, कंबर, खांदा, मुंढा, दंड, पुढचा गळा, मागचा गळा. पुढची उंची वेगळी घेतात, पाठीची वेगळी. टक्स पॉइंट कुठे येतो ते पाहतात, म्हणजे छातीचा सर्वांत पुढे आलेला बिंदू खांद्यापासून किती खाली आहे ते मोजतात. एकाच छत्तीस छातीच्या दोन बायकांचा हा आकडा वेगळा असतो आणि तो चुकला तर ब्लाऊज वाया जातो, हे त्यांना पाठ आहे. कटोरी ब्लाऊज करायचा तर पुढचा भाग कटोरी, बाजूचा तुकडा आणि खालची पट्टी असा वेगवेगळा कापून सांधतात. प्रिन्सेस कट करायचा तर मुंढ्यापासून कमरेपर्यंत उभी शिवण छातीवरून नेतात आणि तिच्यातच सगळा आकार काढतात. सपाट कापडातून गोलाई काढायची ही भूमिती आहे. कुठल्याही महागड्या जर्सीच्या पुढच्या भागात इतका विचार केलेला मला तरी आढळलेला नाही.

का नसतो, याचं कारण कापडात आहे. ब्लाऊजचं कापड मागावर विणलेलं असतं, ताणा-बाण्याचं. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला आणि पुढे तो सगळा पट्टाच मागांचा झाला. आपल्या शिवणकामाची समज या न ताणणाऱ्या कापडावर घडली. ते ताणत नाही म्हणून टक्स घ्यावे लागतात, कटोरी काढावी लागते, बगलेला चौबगला घालावा लागतो. होजिअरीचं कापड फाशाफाशांचं असतं, ते तिरुपूर-लुधियानाकडून येतं आणि चहूबाजूंनी ताणतं. कापड ताणतं म्हणून बेतणाऱ्यानं आकार काढायचं कामच सोडून दिलं. ‘स्ट्रेचेबल आहे, बसेल’ हे वाक्य त्यातूनच आलं. पण ताणलेलं कापड फुकटात ताणत नाही. छातीवर आडवं ताणलं की ते लांबीत आखडतं, म्हणून खालचा काठ वर चढतो. ताणलेल्या जागी वीण विरळ होते, आणि घामानं भिजल्यावर फिक्या रंगाच्या जर्सीतून आतलं दिसायला लागतं. बाईचा अवघडलेपणा तिच्या स्वभावात शोधू नये, तो बेतणाऱ्यानं न घेतलेल्या टक्समध्ये सापडतो.

कुणी म्हणेल, आमच्या आज्या काष्टा घालून शेतात दिवसभर राबल्या, त्यांना कुठे हवा होता वेगळा पोशाख? हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. नऊवारीचा काष्टा पायांना मोकळीक देणारा, कामाचा पोशाख आहे. पुढे गाठ मारायची खणाची चोळी तर छातीला खालून आधार देते. पण त्या बायकांनी शेतात जाताना वर काय घातलं, तेही पाहा. आजही आपल्या भागात उसाच्या फडात, द्राक्षबागेत, भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो. उसाचं पान हात कापतं, ऊन दंड भाजतं, औषध मारलेल्या वेलींना अंग लागतं, म्हणून तो शर्ट. खांदे उतरलेले, बाह्या दुमडलेल्या, छातीवर एखादं बटण न लागणारा. महाराष्ट्रातल्या लाखो कष्टकरी बायकांचा कामाचा कपडा म्हणजे पुरुषानं वापरून सोडलेला शर्ट. त्यांच्या कामासाठी कपडा बेतावा असं कुणालाच वाटलं नाही. सायकलवरच्या बाईला पुरुषाची जर्सी एक नंबर लहान करून मिळते, तीही याच दुर्लक्षातून. फडातली बाई आणि सायकलवरची बाई यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण पहिलीनं सोसलं म्हणून दुसरीनंही सोसावं असा याचा अर्थ काढणं मला पटत नाही. दोघींसाठी कुणीतरी टेप हातात घ्यायला हवा होता.

बाई आणि सायकल यांच्या गोष्टीत बदल झाले, पण ते बहुतेक यंत्रात झाले. साडी आणि झगा अडकू नये म्हणून लेडीज सायकलचा आडवा दांडा खाली वाकवला. चेनला पूर्ण कव्हर आलं, मागच्या चाकाला जाळी आली. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या बाईची साडी चाकात जाऊ नये म्हणून आपण ‘साडी गार्ड’ बसवतो. कपडे चाकात अडकू नयेत यासाठी मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला असावा, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. बऱ्याच शाळांनी ओढणी काढून जॅकेट दिलं, तो एक शहाणपणाचा अपवाद. एरवी बाईनं घातलंय ते गृहीत धरायचं आणि लोखंड वाकवायचं, हीच रीत. कपडा अंगासाठी आणि यंत्रासाठी दोन्हींसाठी नव्यानं बेतावा, ही कल्पना पुढे आणली ती बायकांनीच, आणि त्यातल्या बऱ्याच शिवणकाम करणाऱ्या होत्या.

लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या अ‍ॅलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईनं १८९५ साली सायकलच्या घागऱ्याचं पेटंट घेतलं. पुढच्या आणि मागच्या शिवणीत दोऱ्या-कप्प्यांची योजना होती. सायकलवर बसताना घागरा वर ओढून घ्यायचा, उतरल्यावर सोडायचा, आणि रस्त्यावर चारचौघींसारखं दिसायचं. त्या काळात लेडी हार्बर्टन यांची सुटसुटीत पोशाखाची चळवळ चालू होती. तुमानीसारखा पोशाख घालून त्या १८९८ साली सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या, तेव्हा त्यांना तिथल्या कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. सायकलस्वारांच्या संघटनेनं दावा लावला, पण ती हरली. मला हार्बर्टनबाईंच्या धैर्याचं कौतुक आहे, पण बायग्रेव्हबाईंच्या हुशारीचं जास्त. बाईला एकाच सकाळी सायकलही चालवायची असते आणि माणसांतही जायचं असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी, १९७७ साली अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन आधारपट्टे एकत्र शिवून पहिली स्पोर्ट्‌स ब्रा केली. त्यातल्या पॉली स्मिथ नाटकांचे पोशाख करणाऱ्या. धावणाऱ्या बाईला सर्वांत आधी काय लागतं ते ओळखायला इतका काळ जावा लागला. आणि ओळखलं ते कात्री चालवणाऱ्या बाईनंच.

स्पोर्ट्‌स ब्रा आली तरी वरचा कपडा तिच्याशी बोलत नाही, ही आजची अडचण आहे. ब्राचा पट्टा रुंद आणि वर, जर्सीचा गळा त्याहून खाली. चेन थोडी उघडली की आतली पट्टी दिसते, न उघडावी तर मेमध्ये जीव गुदमरतो. दोन्ही कपडे एकाच अंगावर जाणार आहेत हे दोन्ही बनवणाऱ्यांना सांगायचं कुणी?

आता दिसण्याबद्दल. या विषयावर माझ्या काही मैत्रिणींशी माझं जमत नाही. त्या म्हणतात, बाईनं खेळतानाही चांगलं दिसलंच पाहिजे हा जाच आहे. आरामाचं मागा, दिसण्याचं सोडा. त्यांचा राग कुठून येतो ते मला कळतं. ‘शोभेल असा’ म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेक वेळा बाईला बारीक दाखवायची खटपट असते, पोट लपवायची, दंड झाकायची, वय पुसायची. ते मलाही नको आहे. पण आराम आणि शोभा एकमेकींच्या वैरिणी असल्यासारखं बोलणं मला मान्य नाही. खांद्याची शिवण खांद्यावर आली, मुंढा बगलेत नीट बसला, छातीवर आकार आला, काठ नितंबांवर न रुतता टेकला, की कपडा आरामाचाही होतो आणि बाई चांगलीही दिसते. एकाच कारागिरीचे हे दोन परिणाम. चांगला शिवलेला ब्लाऊज घातल्यावर बाईची पाठ कशी ताठ होते ते आपण लग्नघरात पाहतो. सायकलवर तीच ताठ पाठ नको का? पुरुष सायकलस्वार आरशासमोर किती वेळ असतात, मोजे आणि हेल्मेट जुळतात का हे कसे पाहतात, त्यावर कुणी जाचाचा प्रश्न काढत नाही.

दुसरं असं, की मोठ्या अंगाच्या बाईसाठी सुंदर कपडा नसणं हा तिला दिलेला निरोप असतो. नंबर एक्सएलला संपतो, आणि तोही बाहेरदेशीच्या सडपातळ मापाचा एक्सएल. ज्या बाईला व्यायामाची सर्वांत जास्त गरज आहे असं डॉक्टर सांगतात, तिच्याच मापाचा कपडा दुकानात नसतो. दुकानातल्या तरुण मुलासमोर ‘याहून मोठा नाही का?’ हे विचारणं किती जड जातं, ते मी माझ्या शेजारणींच्या तोंडून ऐकलं आहे. त्या परत दुकानात गेल्या नाहीत, आणि त्यातल्या काहींची सायकल आता जिन्याखाली आहे.

मापांचा गोंधळ मुळातूनच आहे. तयार कपड्यांचे नंबर बसवण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३९-४० साली सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, आणि निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या बायकांची धरली. आपल्याकडे निफ्ट या फॅशनच्या शिक्षणसंस्थेनं ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय यंत्रानं घ्यायची, असा त्याचा आराखडा. त्या सहांत मुंबई आहे. हे काम फार आधी व्हायला हवं होतं, आणि त्याचं मोल मला कळतं. पण यंत्रासमोर माणूस सरळ उभा राहतो. सायकलवरची बाई वाकलेली असते, हात पुढे, मान वर. वाकल्यावर पाठीची लांबी वाढते, पुढची आक्रसते, पोट मांडीकडे येतं, खांद्याची पाती फाकतात. ज्या स्थितीत कपडा वापरायचा त्या स्थितीत माप घ्यायला हवं. आमच्या ओळखीच्या ब्लाऊजवाल्या ताईंनी हे न सांगता केलं. जर्सी बेतताना त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून माझ्या एका मैत्रिणीला वाकायला लावलं, मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंत टेप धरला, मग सरळ उभं केलं आणि पुन्हा धरला. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहून त्याच्याखाली रेघ मारली. ‘एवढं मागं सोडायला लागतंय बघा,’ म्हणाल्या.

त्यांनी बेतलेल्या नमुन्यावरून मला जे उमगलं ते सांगते. पुढचा भाग प्रिन्सेस कटमध्ये, म्हणजे आकार शिवणीत येतो आणि कापडाला ताण सोसावा लागत नाही. या उभ्या शिवणींच्या बाहेरच्या दोन पट्ट्या गडद आणि मधला भाग उजळ ठेवला, की अंग रेखीव दिसतं आणि पहाटेच्या अंधुक उजेडात ट्रकवाल्याला बाई लांबूनही दिसते. काळा रंग बारीक दाखवतो म्हणून बायका काळा मागतात. रस्त्यावर काळा रंग धोक्याचा आहे. दोन्ही साधायचं तर रंग अंगभर न टाकता शिवणीप्रमाणे वाटावा लागतो. चेनच्या मागे मऊ कापडाची पट्टी, म्हणजे ती कमान करत नाही. काठाला रबराऐवजी त्याच कापडाची दुहेरी रुंद पट्टी. बाही दंडाच्या मध्यापर्यंत, इलॅस्टिकशिवाय, कडेला उरेब पट्टी. खिसे तीनऐवजी दोन, कडेकडे सरकवलेले आणि थोडे तिरपे, म्हणजे हात सहज पोचतो. शिवणी आतून सपाट, नाहीतर घामात घासून बगलेत चट्टे येतात. ओव्हरलॉकची जाड शिवण थोड्या अंतराला चालते, पण दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते, आणि इतका वेळ एकच शिवण एकाच जागी घासत राहिली तर कातडी सोलवटते.

कापडाबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे: उन्हाळा म्हणजे सुती. घरात, बाजारात, पाच-सात किलोमीटरच्या सायकलफेरीत तो खरा आहे. सुती धागा हवेतला ओलावाच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टरचा अर्धा टक्काही नाही. लांबच्या वाटेवर सुती कपडा घाम पितो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि उतारावर वाऱ्यानं गारठवतो. म्हणून तास-दोन तासांच्या पुढे मी पॉलिएस्टरच्या जाळीदार होजिअरीच्या बाजूची आहे. त्याला वास लवकर धरतो, हे खरं; घरी पोचल्याबरोबर धुवायचा.

सर्वांत अवघड प्रश्न लांबीचा. वाडीला सायकलवर गेलं आणि दत्ताच्या पादुकांचं दर्शन न घेता परतलं, असं आपल्याकडच्या बायकांचं होत नाही. दर्शनाला, घाटावर, चहाला, कमरेइतका आखूड कपडा आणि खाली गादीची घट्ट चड्डी एवढ्यावर बऱ्याचजणींना वावरायला नको वाटतं. कुणी म्हणेल, धीट व्हा. कुणी म्हणेल, मग कुर्ताच घाला. कुर्त्याचा पुढचा भाग सीटच्या टोकात अडकतो, आणि घाईनं पाय टेकताना बाई तोंडावर पडू शकते. मला दोन्ही उपदेश नकोत. ज्या बाईला आखूड हवा तिला आखूड मिळावा, जिला झाकलेलं हवं तिला तसा मिळावा, आणि दोघींनाही सुरक्षित सायकल चालवता यावी. बाजूला कमरेच्या थोडं खालपासून कट दिले, पुढचा भाग मांडीच्या वर थांबवला आणि मागचा नितंब झाकेल इतका खाली आणला, तर कपडा अडकतही नाही आणि देवळातही चालतो. यात धीटपणाची किंवा लाजेची परीक्षा घेण्यासारखं काही नाही. बायग्रेव्हबाईंनी १८९५ साली सोडवलेलं गणित इथल्या माणसांसाठी पुन्हा सोडवायचं आहे, इतकंच.

राहिला प्रश्न, हे एकेका बाईनं एकेका ताईंकडून शिवून घ्यायचं का? सुरुवात तिथूनच होईल. पण सायकलचे कार्यक्रम भरवणाऱ्यांना यात बरंच करता येईल. दर कार्यक्रमाला नोंदणीच्या पैशांत जर्सी किंवा टी-शर्ट मिळतो, त्यावर ‘युनिसेक्स’ लिहिलेलं असतं आणि तो उघडउघड पुरुषाच्या मापाचा असतो. विचारलं की उत्तर येतं: बायका थोड्या असतात, छपाईवाला कमी नग घेत नाही. हिशेब म्हणून हे खरं आहे. पण सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर इथले कार्यक्रम भरवणारे एकमेकांना ओळखतात. सगळ्यांनी मिळून बायकांच्या कटची मागणी एकदम नोंदवली तर नगांची अट सहज पुरी होते, छपाई नंतर ज्याची त्यानं वेगळी करावी. नोंदणीच्या अर्जात एस-एम-एलच्या जागी छाती, कंबर आणि नितंब असे तीन रकाने ठेवावेत, शेजारी ‘आखूड की लांब’ असा चौथा. बेतायचा नमुना ताईंच्या वहीत तयार आहे, आणि तो छपाईवाल्याला उतरवून द्यायला त्या राजी आहेत. कागदी नमुन्याचे आणि शिकवण्याचे पैसे मात्र त्यांना आधी द्यावेत, त्यांच्या नावानं द्यावेत, आणि जर्सीच्या आतल्या पट्टीवर बेत त्यांचा असल्याचं छापावं.